पेटिना गापा: जिनिव्हातली वकिली, हरारेच्या कथा आणि एक नाशिककर निवेदक (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

झिम्बाब्वेच्या पेटिना गापा यांचं नाव निघालं की मराठी वाचक मित्रमैत्रिणी ठरावीक प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. भर मुद्दाम त्यांच्या सुरुवातीच्या वर्षांवर ठेवला आहे, कारण लेखिका म्हणून त्या कशा घडल्या ते तिथेच कळतं. शेवटाकडे थोडं पुढच्या पुस्तकांबद्दलही आहे. नाशिकचा विषय टाळून पुढे जाणं मला तरी जमलं नसतं.

पेटिना गापा कोण आहेत?

झिम्बाब्वेच्या कथाकार, कादंबरीकार आणि आंतरराष्ट्रीय व्यापार कायद्याच्या वकील. जन्म 1971 चा. 'ॲन एलिजी फॉर ईस्टरली' हा पहिला कथासंग्रह 2009 मध्ये आला, 'द बुक ऑफ मेमरी' ही पहिली कादंबरी 2015 मध्ये. पुढे 'रॉटन रो' (2016) हा दुसरा कथासंग्रह आणि 'आउट ऑफ डार्कनेस, शायनिंग लाइट' (2019) ही ऐतिहासिक कादंबरी. त्या इंग्रजीत लिहितात, मातृभाषा शोना.

त्यांचं लहानपण कुठे गेलं?

जन्म शेजारच्या झांबियातला, तिथल्या तांब्याच्या खाणींच्या पट्ट्यातला. झिम्बाब्वे तेव्हा ऱ्होडेशिया होता आणि सत्ता गोऱ्या अल्पसंख्याकांच्या हाती होती. शिकलेल्या काळ्या माणसाला लायकीची नोकरी मिळणं अवघड, म्हणून अनेक कुटुंबं सीमा ओलांडून जात. गापांचे वडील त्यांतलेच. पेटिना तान्ही असतानाच कुटुंब परत आलं.

18 एप्रिल 1980 ला देश स्वतंत्र झाला तेव्हा त्या प्राथमिक शाळेत होत्या. कुटुंब पूर्वी गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या वस्तीत राहायला गेलं आणि तोवर फक्त गोऱ्या मुलांची असलेल्या शाळेत ज्या पहिल्या काळ्या मुली बसल्या, त्यांत त्या होत्या. कालपर्यंत ज्या फाटकातून आत जायची मुभा नव्हती, त्याच फाटकातून आज दप्तर घेऊन जायचं. त्यांच्या लेखनात एकाच घरातली, एकाच रस्त्यावरची माणसं दोन वेगळ्या देशांत राहत असल्यासारखी दिसतात, त्याचं मूळ मला इथे सापडतं.

लिहायला त्यांनी दहा-अकराव्या वर्षीच सुरुवात केली. पहिली कथा छापून आली ती शाळेच्या वार्षिकात, वयाच्या चौदाव्या वर्षी.

कायद्याचं शिक्षण कुठे झालं?

आधी राजधानी हरारेत, झिम्बाब्वे विद्यापीठात. तिथला मूळ कायदा इंग्रजी नाही, रोमन-डच परंपरेचा आहे. दक्षिण आफ्रिका आणि श्रीलंकेतही तोच पाया आहे. 1995 मध्ये त्या ऑस्ट्रियात ग्राझला डॉक्टरेटसाठी गेल्या, त्याच सुमारास केंब्रिजला पदव्युत्तर पदवी केली. विषय आंतरराष्ट्रीय व्यापार कायदा. 1998 मध्ये त्या जिनिव्हात जागतिक व्यापार संघटनेत रुजू झाल्या.

जिनिव्हात त्या नेमकं काय काम करत होत्या? हे कोर्टकचेरीचं काम होतं का?

काळा कोट घालून न्यायाधीशापुढे उभं राहणं नव्हे, पण खटलेच. जागतिक व्यापार संघटनेत एक देश दुसऱ्या देशावर दावा लावू शकतो: तुम्ही आमच्या मालावर नियमाबाहेर जकात लावली, आमच्या कापडाला अडवलं, वगैरे. त्यासाठी तज्ज्ञ पॅनेल बसतं, हजारो पानांची निवेदनं दाखल होतात, आणि 2019 पर्यंत अपिलांची सुनावणीही होत असे. नियम सगळ्यांना सारखे आहेत, वकिलांची फी मात्र श्रीमंत देशांनाच झेपणारी. अमेरिका किंवा युरोपीय संघाकडे स्वतःच्या वकिलांची फौज असते. एखाद्या गरीब देशाच्या वाणिज्य खात्यात हा कायदा जाणणारा एकही माणूस नसतो. हक्क कागदावर आहे, तो मागायला वकील नाही, अशी ही स्थिती.

या अडचणीवर उपाय म्हणून 2001 मध्ये जिनिव्हात एक केंद्र सुरू झालं. सोप्या मराठीत सांगायचं तर विकसनशील देशांसाठीचं कायदेशीर मदत केंद्र. सदस्य देशांना ते कमी दरात वकील देतं, अतिगरीब देशांना तर नाममात्र शुल्कात. गापांच्या वकिलीची बरीच वर्षं या केंद्रात गेली. आफ्रिका, आशिया, लॅटिन अमेरिकेतल्या कितीतरी देशांची प्रकरणं तिथे हाताळली जातात.

भारतही या केंद्राचा सदस्य आहे. अमली पदार्थांच्या उत्पादनाशी आणि व्यापाराशी लढणाऱ्या ठरावीक बारा देशांना युरोपीय संघाने जकातीत जादा सवलत दिली, त्यात पाकिस्तान होता आणि भारत नव्हता. फटका मुख्यतः आपल्या कापडाला. भारताने दाद मागितली आणि या केंद्राच्या वकिलांनी भारताला साथ दिली. 2004 मध्ये अपिलातही निकाल भारताच्या बाजूने लागला. गापा ज्या संस्थेत काम करत होत्या तिची कुवत काय, याचा अंदाज यावा म्हणून हे सांगितलं.

मग लेखन मध्येच कुठून आलं?

मध्येच नाही आलं, थांबलं होतं ते पुन्हा सुरू झालं. शाळेतल्या त्या कथेनंतर शिक्षण आणि नोकरी यांत वर्षं गेली. 2006 च्या सुमारास त्यांनी गांभीर्याने लिहायला घेतलं आणि गोष्टी भराभर घडल्या. 2007 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या 'पेन' या लेखकांच्या संस्थेच्या कथास्पर्धेत, जिथे नोबेल विजेते जे. एम. कुट्सी परीक्षक होते, त्यांची कथा अंतिम निवडीत आली. त्याच वर्षी झिम्बाब्वेत विनोदी लेखनासाठीचा एक पुरस्कार मिळाला. विनोदी लेखनासाठी, हे मुद्दाम लक्षात ठेवा. आफ्रिकेतली लेखिका म्हटलं की रडवणारंच लिहीत असणार असं आपण धरून चालतो, आणि गापांच्या गोष्टी वाचताना हसू दाबणं कठीण जातं.

पहिला कथासंग्रह कशाबद्दल आहे?

तेरा कथा, बहुतेक हरारे आणि आसपासच्या, राष्ट्राध्यक्ष रॉबर्ट मुगाबे यांच्या राजवटीच्या उत्तरकाळातल्या. एकीत एका 'राष्ट्रीय वीरा'ला सरकारी इतमामात निरोप दिला जातोय. बँड वाजतोय, झेंडा आहे, भाषणं आहेत. विधवा शवपेटीकडे पाहत उभी आहे आणि तिला ठाऊक आहे की आत देह नाही. सगळी राजवट त्या एका पेटीत मावली आहे.

दुसरीत एक कुटुंब हरारेच्या विमानतळावर लंडनहून येणाऱ्या विमानाची वाट पाहतंय. मुलगा तिकडे वारला आहे, देह यायचा आहे, तो येतच नाही. घरी सांत्वनाला आलेले नातेवाईक मुक्काम ठोकून आहेत. देह आल्याशिवाय अंत्यविधी नाही आणि अंत्यविधीशिवाय पाहुण्यांनी उठायचं नाही. साखर, तेल, मक्याचं पीठ, सगळंच दुर्मीळ, आणि रोज एवढ्या तोंडांना रांधायचं. दुःख करायला या घराला सवडच मिळत नाही. सुतकातल्या घरात किती पानं मांडायची याचा हिशेब ज्यांनी केला आहे, त्यांना ही कथा समजावून सांगावी लागणार नाही.

माझी सर्वांत आवडती कथा निवृत्त सुतार व्हिटालिसची. पेन्शनच्या बदल्यात कंपनीने त्याच्या हातावर बुटांचे तीन जोड ठेवलेत. वर्षभरात किमती कितीतरी पटींनी चढल्यावर म्हातारा पुन्हा कामाला लागतो, शवपेट्या बनवायला. त्या धंद्याला तेवढी मरगळ नाही. मग गावात नाचाची स्पर्धा होते आणि या म्हाताऱ्याच्या पायांत काय आहे ते लोकांना कळतं. पुढचं सांगत नाही.

शीर्षककथा हरारेबाहेरच्या एका झोपडवस्तीची. तिथे एक वेडसर बाई आहे, पोरं तिच्यामागे लागतात, आणि शेवटी बुलडोझर येतात. हे लेखिकेच्या कल्पनेतून आलेलं नाही. मे 2005 मध्ये झिम्बाब्वे सरकारने शहरांतल्या वस्त्या आणि टपऱ्या पाडण्याची मोहीम काढली. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार सुमारे 7 लाख लोकांचं घर किंवा रोजगार किंवा दोन्ही गेलं. त्याआधी 1991 मध्ये राष्ट्रकुल परिषदेसाठी इंग्लंडची राणी येणार म्हणून हरारेतल्या गरिबांना शहराबाहेर हलवलं होतं. पाहुणे यायचे म्हणून गरिबांना नजरेआड करण्याचा प्रकार आपल्यालाही नवा नाही.

तिथली महागाई खरंच इतकी होती का, की कथेसाठी वाढवून सांगितली आहे?

कथेत उलट कमीच वाटेल. जुलै 2008 चा सरकारी आकडा होता वार्षिक 23 कोटी टक्क्यांहून अधिक. जानेवारी 2009 मध्ये 100 ट्रिलियनची, म्हणजे एकावर चौदा शून्यांची नोट निघाली. एप्रिल 2009 मध्ये झिम्बाब्वेचा डॉलर चलनातून बाजूलाच ठेवला गेला, आणि त्याच महिन्यात गापांचं पुस्तक बाजारात आलं.

पुस्तकाचं स्वागत कसं झालं?

लंडनच्या फेबर अँड फेबरने ते काढलं. फ्रँक ओ'कॉनर कथापुरस्काराच्या अंतिम यादीत ते आलं आणि 2009 चा 'गार्डियन' या ब्रिटिश वृत्तपत्राचा पहिल्या पुस्तकासाठीचा पुरस्कार त्याला मिळाला. कथासंग्रहाला असा पुरस्कार मिळणं ही मोठी गोष्ट; प्रकाशक नेहमी आधी कादंबरी मागतात.

त्याबरोबर एक डोकेदुखीही आली. पुस्तकावर आणि परीक्षणांत 'झिम्बाब्वेचा आवाज' असा शिक्का बसायला लागला. गापांनी तो उघडपणे नाकारला. मला ही भूमिका पटते. वकील अशिलाचं वकीलपत्र घेतो तेव्हा त्या अशिलाने सही केलेली असते. सव्वा कोटी लोकांच्या देशाने कुणा लेखकाला तसं वकीलपत्र दिलेलं नसतं. शिवाय त्या तेव्हा जिनिव्हात राहत होत्या, आणि देशात राहून रांगा लावणाऱ्यांच्या नावाने बोलण्याचा मोह त्यांनी टाळला, हा मला प्रामाणिकपणा वाटतो. कथा मात्र त्या रांगांच्या लिहिल्या, आणि आतून लिहिल्या.

'तरुण लेखिका' म्हणतात, पण पहिलं पुस्तक तर चाळिशीजवळ आलं?

हो. लेखिका म्हणून त्या तेव्हा नव्या होत्या, वकील म्हणून चांगल्या मुरलेल्या.

पहिली कादंबरी यायला सहा वर्षं का लागली?

नोकरी चालू होती, मध्ये काही काळ त्या हरारेत राहायलाही गेल्या, आणि कादंबरीचा घाट अवघड होता. 'द बुक ऑफ मेमरी'ची नायिका मेमरी ही वर्णकहीन त्वचेची, म्हणजे अल्बिनो, काळी स्त्री. हरारेजवळच्या चिकुरुबी तुरुंगात ती फाशीची शिक्षा झालेली कैदी आहे. आरोप एका गोऱ्या माणसाच्या खुनाचा, ज्याने तिला लहानपणी घरी नेऊन वाढवलं. तिची आठवण सांगते की नऊ वर्षांची असताना आईवडिलांनी तिला त्याला विकलं.

अपिलासाठी तिची वकील तिला सांगते: जे जे आठवतं ते सगळं लिहून काढ. ही कादंबरी म्हणजे त्या वह्या. वकिलीतली माणसं हा प्रसंग लगेच ओळखतील. अशिलाला बोलतं करायचं, त्याने सांगितलेलं टिपायचं, आणि मनात कायम एक शंका ठेवायची की याला आठवतंय ते आणि घडलं ते एकच आहे का. मेमरी खोटं बोलत नाही. पण लहान मुलीने दाराआडून ऐकलेलं, अर्धवट समजलेलं, नंतर वर्षानुवर्षं मनात घोळवलेलं किती खरं मानायचं? हा प्रश्न कादंबरी शेवटच्या पानांपर्यंत ताणून धरते, आणि उत्तर येतं तेव्हा मेमरीसकट आपलीही आधीची सगळी पानं बदलतात. वाचकाला साक्ष तपासायला बसवणारी इतकी चांगली कादंबरी मी क्वचित वाचली आहे.

2016 मध्ये ती स्त्रियांसाठीच्या बेलीज पुरस्काराच्या लांब यादीत होती. बाहेरच्या वास्तवाबद्दलही सांगायला हवं: 2013 च्या संविधानाने झिम्बाब्वेत स्त्रियांना फाशी देता येणार नाही असं ठरवलं, आणि 31 डिसेंबर 2024 ला फाशी सर्वांसाठीच रद्द करणाऱ्या कायद्यावर सही झाली. शेवटची फाशी 2005 मध्ये दिली गेली होती.

वकिली त्यांच्या लेखनात आणखी कुठे दिसते?

'रॉटन रो'मध्ये तर नावापासूनच. हरारेतल्या ज्या रस्त्यावर फौजदारी न्यायालय आहे, त्याचं हे नाव. संग्रहातल्या कथा गुन्हा आणि न्याय यांभोवती फिरतात: फाशी देणारा, जमावाच्या हातून मेलेला, घटस्फोटाला आलेलं जोडपं, केशकर्तनालयात शेजारणीच्या मृत्यूची चर्चा करणाऱ्या बायका. एक कथा चक्क निकालपत्राच्या रूपात आहे. त्यात न्यायालयीन भाषेची सगळी शिस्त पाळली आहे आणि त्या शिस्तीआडून एका संसाराची लक्तरं दिसत राहतात.

पण मला वकिली दिसते ती याहून आत. गापांच्या कथेत कुणाचीही बाजू ऐकल्याशिवाय निकाल लागत नाही. लाच खाणारा अधिकारी, नवऱ्याची दुसरी बायको, ई-मेलवरच्या लॉटरीला भुलून पैसे घालवणारा जिनिव्हातला झिम्बाब्वेचा राजनैतिक कर्मचारी, प्रत्येकाला स्वतःचं म्हणणं मांडायला पुरेसा वेळ मिळतो. वाचकाला राग येतो, पण समोरच्याचं ऐकून घेतल्यावर येतो.

नाशिकचा काय संबंध?

खरा आणि थेट संबंध आहे. 'आउट ऑफ डार्कनेस, शायनिंग लाइट' ही कादंबरी आफ्रिकेत भटकलेल्या स्कॉटिश मिशनरी-संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या अखेरच्या प्रवासाची, म्हणजे त्याच्या मृतदेहाच्या प्रवासाची आहे. 1 मे 1873 ला आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी तो वारला. सोबतच्या आफ्रिकी माणसांनी त्याचं हृदय तिथल्याच झाडाखाली पुरलं, देह मीठ लावून उन्हात वाळवला, कापडात आणि झाडाच्या सालीत बांधला, आणि सुमारे दीड हजार मैल चालत आजच्या टांझानियाच्या समुद्रकिनाऱ्यावर बागामोयोला पोचवला.

त्या माणसांपैकी एक याकोब वेनराइट. याओ जमातीचा मुलगा, गुलामांच्या व्यापाऱ्यांनी पकडलेला, ब्रिटिश जहाजाने सोडवलेला. अशा मुक्त केलेल्या मुलांना पश्चिम भारतात आणलं जाई, आणि चर्च मिशनरी सोसायटीचा त्यांच्यासाठीचा आश्रम होता नाशिकजवळच्या शरणपुरात. याकोब तिथे लिहायला-वाचायला शिकला. आज नाशिकमध्ये शरणपूर रोडवरून रोज हजारो लोक जातात. लिव्हिंगस्टनच्या प्रवासांच्या नोंदींत 'नाशिकची मुलं' हा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. 1866 च्या मोहिमेवर मुंबईहून निघतानाही त्यांतली काही त्याच्यासोबत होती. याकोब त्यानंतरच्या, 1872 मध्ये लिव्हिंगस्टनला शोधायला गेलेला पत्रकार स्टॅन्ली याने झांझिबारहून पाठवलेल्या तुकडीतला.

चितांबोला दफनाची प्रार्थना म्हटली ती याकोबने. झाडाच्या खोडावर लिव्हिंगस्टनचं नाव आणि तारीख कोरली तीही त्यानेच, कारण त्याला अक्षर येत होतं. 18 एप्रिल 1874 ला वेस्टमिन्स्टर ॲबीत अंत्यसंस्कार झाले तेव्हा शवपेटीला हात लावणाऱ्यांत तो एकटा आफ्रिकी होता. त्याने रोजनिशीही ठेवली होती.

गापांनी कादंबरीत दोन निवेदक घेतले. पहिली हलिमा, लिव्हिंगस्टनच्या तांड्यातली स्वयंपाकीण; तोंडाने फटकळ, नजरेतून काही न सुटणारी, स्वतःचं घर हवं असलेली. दुसरा याकोब, धर्मनिष्ठ, पुस्तकी इंग्रजीचा अभिमान असलेला, स्वतःबद्दल फार उंच मत असलेला. इतिहासाच्या पुस्तकात हलिमा ओळीभराची आणि याकोब परिच्छेदाचा. गापांनी दोघांना साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं केलं आणि लिव्हिंगस्टनला, ज्याच्या नावावर एवढी पुस्तकं आहेत, फक्त मुद्देमाल करून टाकलं. गरीब देशांना वकील मिळवून देणाऱ्या केंद्रात ज्या बाईने इतकी वर्षं काढली, तिने ही कादंबरी लिहावी यात मला काहीच आश्चर्य वाटत नाही.

त्या शोनात का लिहीत नाहीत?

कथा-कादंबऱ्या इंग्रजीत आहेत, पण शोना शब्द, म्हणी, नात्यांची संबोधनं त्यात भाषांतराशिवाय येतात. वाचकाने संदर्भावरून समजून घ्यायचं. आणि शोनासाठी त्यांनी एक मोठं काम केलं आहे. जॉर्ज ऑर्वेलच्या 'ॲनिमल फार्म'चा शोना अनुवाद त्यांनी इतर लेखकांना सोबत घेऊन तडीस नेला. 2023 मध्ये तो पुस्तकरूपाने आला. त्यातले प्राणी शोनाच्या वेगवेगळ्या बोली बोलतात.

आफ्रिकेत वकील असलेले इतर कथाकार आहेत का?

बरेच. आजच्या घानामधले वकील जे. ई. केसली हेफर्ड यांची कादंबरी 1911 मधली. अलीकडच्या पिढीत नायजेरियाचे एल्नाथन जॉन वकिलीचं शिक्षण घेऊन पूर्णवेळ लेखनाकडे वळले. गापांचं वेगळेपण असं की त्यांनी कथासंग्रह आणि पहिली कादंबरी वकिली न सोडता लिहिली.

वाचायला सुरुवात कुठून करू?

नाचणाऱ्या म्हाताऱ्याच्या कथेपासून, मग विमानतळावरची. या दोन आवडल्या तर पहिला संग्रह पूर्ण वाचा, नंतर 'द बुक ऑफ मेमरी'. ती वाचण्याआधी परीक्षणं वाचू नका, शेवट कळला तर मजा जाते. नाशिकचे असाल तर क्रम मोडून खुशाल शेवटच्या कादंबरीला हात घाला. फक्त हलिमाचा भाग घाईने उरकू नका, याकोबला भेटायची कितीही उत्सुकता असली तरी.